धनीले सोडून येऊ नको

वसई

हिरीले हेमसिंगचा राम राम. मिठागरावर चिरलेले माहे पाय आता बरे हायेत, घोर करू नको.

शाळेले सुट्टी लागली की मदनले आन् धनीले घेऊन येजो. पोरांले समिंदराकाठचा किल्ला दाखवू. त्याच्या तटात आपलं अख्खं रिठद गाव मावते. अकोल्याले गाडी बदलजो.

धनीले ताप येते म्हून तिले मायजवळ ठेवून येतो, असं तू लिवलं. तसं करू नको. काल एक पोरगी तटावर चढून राह्यली होती. मी ‘धने, खाली उतर’ म्हून वरडलो. तिनं मांगं पायलं, तं दुसऱ्याचीच पोर. आपली धनी आता केवढी दिसते, मले ठाव नाही.

तवापासून मन थाऱ्यावर नाही. ताप उतरला काय, लवकर कळव. नसन उतरला तं तुमी निघू नका. मीच येतो, मुकादमाले सांगून ठेवलं हाये.

पोरांच्या डोक्यावरून हात फिरवजो.

हेमसिंग