अकराव्या ओळीतला माणूस

शनि. १७ एप्रिल १९६५, सालमिया, कुवेत
आजपासून शिरगणतीच्या कामावर. ऑफिसने तीन आठवडे सोडलं. हिंदी लोकांच्या वस्तीत दुभाषा हवा होता. अरबी, हिंदी आणि मराठी तिन्ही चालवणारा मीच सापडलो. जोडीला गणक उस्ताद नबील. फलस्तीनी, शाळेत गणित शिकवतात. अर्धी सिगारेट विझवून पुन्हा पाकिटात ठेवतात. पहिलंच वाक्य : "तू फार बोलतोस असं ऐकलंय." म्हटलं, "बरोबर ऐकलंत."

काम मनापासून हवं होतं. मुंबईत इतक्या सभांतून घसा फोडून सांगितलं की ज्याची गणती नाही त्याला वाटाही नाही. इथे ते हातांनी करायचं.

सोम. १९
एकाच गल्लीत : इराणी भटारी, बलुची हमाल, बगदादचा शिंपी, मलबारी कारकुनांच्या दोन खोल्या, गोव्याचा एक स्वयंपाकी, ओमानी चौकीदार. कुवेती घर एकच, गल्लीच्या तोंडाशी. तिथल्या म्हातारीचा आजा झांजिबारहून आलेला. ती म्हणते, आम्ही इथले पहिल्यापासूनचे, लिही. लिहिलं.

'जिन्सिया', म्हणजे कोण कुठल्या देशाचा, याला रकाना एकच, बोटभर. मलबारी, गोवेकर, पंजाबी, कोकणी सगळे त्यात 'हिंदी'. मी रस्त्यातच तापलो. भाषा वेगळी, अन्न वेगळं, आणि एका शब्दात कोंबायचं? उस्ताद म्हणाले, "रकाना लहान आहे, तुझं भाषण मोठं. पुढच्या दारी चल."

संध्याकाळी त्यांनी स्वतःचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतला. मी गावाचं नाव विचारलं. "आता नकाशावर नाही. तू मात्र लिही."

मंगळ. २०
दुपारपासून तोझ, इथलं धुळीचं वादळ. धुळीने उजेड हळदीसारखा. तीनच्या सुमारास कोकणी लोकांच्या खोलीवर. बाणकोट खाडीवरच्या एका गावाची सगळी माणसं. मी दापोलीचा, भाषणांमुळे सगळे मास्तर म्हणतात, त्यामुळे आत शिरताच चेष्टा. "भाषणवाले मास्तर आले रे, कान झाका!" दारातूनच नजर टाकली. अकरा जण. सभेत उभं राहिल्यावर डोकी मोजायची जुनी खोड.

खोलीचे कारभारी इब्राहिमचाचा. पूर्वी गलबतावर तांडेल, आता एका बड्या घरी स्वयंपाकी. विचारलं, "चाचा, माणसं किती?" म्हणाले, "माणसां तोंडान मोजू नयेत रे. चल, दाखवतंय." मागच्या चुलीपाशी नेलं. रात्रीचा तांदूळ दुधाच्या रिकाम्या डब्याने परातीत ओतायला लागले, माणशी एक डबा. बरकत, दोन, तीन… पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत. माझी आईसुद्धा बरकतच म्हणायची. अकरा मापं पडली.

परत आलो तोवर उस्तादांनी दारालगतच्या एकाची माहिती सुट्या कागदावर टिपून घेतली होती. त्याला अरबी येत होतं, माझी गरज पडली नाही. बाकीच्यांची मी विचारून दिली, त्यांनी टिपलेला माणूस शेवटच्या ओळीत उतरवला. चहा झाला. निघालो.

बुध. २१
सकाळी दुभाष्याची सही करायला फॉर्म हातात घेतला. मी विचारून लिहून घेतलेली नावं दहा. अकरावी ओळ उस्तादांनी एकट्याने भरलेली. दाऊद, वय तीस, हिंदी, काम जहाजांचा माल उतरवणाऱ्या बार्जवर, कुवेतमध्ये सहा वर्षं.

उस्तादांना विचारलं, हा कसा होता? "किडकिडीत. खलाशांचं अरबी बोलत होता. लेंग्याची खालची कड ओली होती. मी म्हटलं धुळीत बरा भिजलास. हसला."

चाचांना गाठलं. बाजारात, भाजी निवडत होते. दाऊदचं नाव घेतलं तर हातातली भेंडी खाली ठेवली. दाऊद जानेवारीत नाहीसा झाला. धुक्यात बार्ज घेऊन जहाजाकडे निघाला. जहाजापाशी बार्ज सापडली, तो नाही. प्रेत नाही. कोणी नक्की काही सांगत नाही, म्हणून खोलीनेही ठरवलं नाही. न सांगता गेलेल्याचं माप चालू ठेवायचं, खबर येईपर्यंत. जुनी रीत. माप बंद केलं म्हणजे आपणच त्याला मारलं.

मी सांगितलं की उस्ताद त्याच्याशी बोललेत. वाटलं होतं, म्हातारा घाबरेल. तो माझा दंड धरून म्हणाला, "काय म्हणाला रे? बरा हाय मा?"

शुक्र. २३
सुट्टी. जुम्याच्या नमाजानंतर पुन्हा खोलीवर. भरदिवसा, खिडकीच्या दोन्ही झडपा उघड्या. विचारलं, मंगळवारी शेजारच्या बलुच्यांपैकी कोणी बसला होता का? नाही. चेष्टा केलीत? सगळ्यांचे चेहरे बघितले. चेष्टेचे नव्हते.

भिंतीला ओळीने बसवलं. नावं घेतली, दहा. हजर, हजर. मग नुसती डोकी मोजली. अकरा. परत नावं. दहा. डोकी. अकरा. उलट्या टोकाने मोजली. अकरा. प्रत्येक चेहरा ओळखीचा, कुणालाही 'हा तो' म्हणता येईना. मी विवेकवादी माणूस. भुताखेतांवर तासतासभर टाळ्या घेतल्यात. मला घाम आला होता, हे इथे लिहून ठेवतो.

नंतर चाचांशी भांडण. खरी गोष्ट तेव्हा बाहेर पडली. गावी दाऊदची बायको आहे, जुलेखा, चोवीस वर्षांची. तिला कळवलेलंच नाही. चाचा दर महिन्याला दाऊदच्या नावाने पत्र लिहितात. मी खुशाल आहे, काम फार आहे, मोसम सरला की येतो.

मी : "तुम्ही जिवंत बाईला गाडताय! ती वाट बघत म्हातारी होईल. तिला रडू दे, मग उभी राहू दे, दुसरं घर करू दे!"
चाचा : "तिच्या बापाला जबान मी दिलीय. माझ्या भरवशावर दाऊदला पोर दिलान त्यानं. तू भाषण करून घरी जातंस, मास्तर. खबर कुणी द्यायची? तू देतंस?"
म्हटलं, देतो.
कोपऱ्यात कुणीतरी खोकलं.

सोम. २६
हाताखालचे सगळे फॉर्म आज द्यायचे. दाऊदच्या ओळीमुळे माझी एक सही राहिली आहे. उस्तादांना सगळं सांगितलं. जुलेखाचंही. म्हटलं, खोडा. खोटी नोंद आहे.
"मी त्याला विचारलं. त्याने उत्तर दिलं. खोटी कशी?"
"तो मेलाय."
"प्रेत पाहिलंस?"
"नाही."
"मग मी माणूस खोडणार नाही. आमची पुष्कळ खोडून झालीत." पेन माझ्यापुढे ठेवलं. "तुला पटत नसेल तर सही करू नकोस. पर्यवेक्षक विचारेल, तेव्हा उभा राहून सांग. बोलता येतं ना तुला?"

पर्यवेक्षकाच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्याने मान वर न करता विचारलं, "सगळे तुझ्यासमोर मोजले?" डोळ्यांपुढे ती भिंत आली. म्हटलं, "हो. अकरा." सही केली.

ज्याला खोटं म्हणत होतो त्यावर सही. जे मोजलं त्यावरही सहीच. दोन्ही कसं

शनि. १ मे
महाराष्ट्र दिन. आपल्यातल्या एका हिशेबनिसाच्या फ्लॅटवर कार्यक्रम, पंचवीसेक मंडळी. विषय मीच दिलेला : परक्या मुलखात आपण किती. बरं चाललं होतं. "तुम्ही हिंदी म्हणून मोजले गेलात, उद्या मराठी म्हणून मोजून घ्या," इथे टाळ्या आल्या. सवयीने डोकी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. आकडा पुरा करायचं धाडस होईना. खाली बसलो. यजमानीणबाई म्हणाल्या, "उन्हाचा त्रास झाला असेल हो," आणि पन्हं दिलं. एवढ्या वर्षांत भाषण पहिल्यांदा अर्धं सोडलं.

गुरु. ६
जुलेखाला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं ठेवलं. पहिलं वाक्य : 'दाऊद आता नाही, आणि हे तुम्हाला जानेवारीतच सांगायला हवं होतं.' पुढे साधंच. बार्ज, धुकं, आलेली पत्रं कोणाची. शेवटी, तुमचं आयुष्य तुमचं आहे. भाषण नाही, एक उपमा नाही. चाचांना वाचून दाखवीन आणि टाकीन. त्यांच्यामागून टाकणं बरं नाही.

शुक्र. १४
आठवडाभर चाचा भेटले नाहीत. आज दुपारी खोलीवर गेलो, पत्र खिशात. चाचा एकटेच, चटईवर. समोर एक पाकीट, गावचं. म्हणाले, "तू वाच. मला चष्म्यातून नीट दिसत नाय." चष्मा होता. पाकीट माझ्याकडे सरकवलं.

जुलेखाचं, सात मेचं. मोठ्याने वाचलं.

'तुमचं पत्र पोचलं. सरकारनं तुमची गणती केली, दापोलीचे मास्तर स्वतः आले होते, हे वाचून जिवाला बरं वाटलं. चाचांकडून पत्र लिहून घेता तेव्हा मला कळत असे, पण कधी बोलले नाही. या खेपेला अक्षर तुमचं. कागद कशाने भिजला? वाचायला दोन दिवस उन्हात ठेवावा लागला.'

थांबलो. चाचा म्हणाले, "बकरी ईदनंतर मी कागदाला हात लावलाय तर तोंड काळं होवो माझं."

बाकीचे नमाजाहून आले. एकेकाला विचारलं. दोघांना लिहिताच येत नाही. उरलेल्यांनी कुराणाची शपथ घेतली. ते शपथ घेताना मी मोजत होतो का? नाही. मुद्दाम खाली बघत होतो.

मग चाचांना माझं पत्र वाचून दाखवलं. अडवतील वाटलं. शेवटपर्यंत ऐकलं, घडी घालून परत दिलं.
"चांगला लिहिलंस. खरा लिहिलंस. टाक." मग जुलेखाचं पाकीट उचलून, "पण तिच्याकडे आता दोन कागद असतील. एक तुझा, एक त्याचा. ती कुठला खरा मानल?"

आत्ता पाच वाजलेत, सालमियाच्या पोस्टासमोरच्या बाकावर बसून लिहितोय. पाकिटाला डिंक लावला आहे. पत्ता घालायचा आहे. नाव कसं घालावं, श्रीमती, की दाऊदची