सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेले बाबा

मॅडम,

काल आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात सत्कार होता. संशोधनाचं पारितोषिक मिळालेले दोन प्राध्यापक, विद्यापीठात पहिली आलेली एक मुलगी, आणि विभागप्रमुख म्हणून नारळ द्यायला मी. कोणीतरी म्हणालं, तुमच्या गुरूंविषयी दोन शब्द बोला. मी उभी राहिले, आभार मानून बसले. तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

सत्तरच्या दशकातलं आपलं भंडाऱ्याचं कॉलेज. त्या वर्षी तळ्यांतल्या शेवाळावरच्या कामासाठी तुम्हाला पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी विद्यापीठात पहिली आले. आमच्या गावी, करडीला, घरी सगळे खूश होते, पण माझ्यासाठी स्थळही आलं होतं, आणि झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. विभागात आपल्या दोघींचा सत्कार ठरला होता; त्याला येतील त्याच फेरीत ते कॉलेजातून माझं नाव काढणार होते. हे मी तुम्हाला रडत रडत सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "येताना तुमच्या शेतातली फुलावर आलेली लोंबी आण. देठ ओल्या फडक्यात गुंडाळ." मला असा राग आला. इथे माझ्या आयुष्याचं काय होणार कळत नाही, आणि बाईंना धानाची लोंबी हवी.

सकाळची एसटी. बाबा धुतलेल्या धोतरात, माझ्या मांडीवर ओलं फडकं. प्रयोगशाळेत टेबलं भिंतीकडे सरकवली आहेत. प्राचार्य शाल घेऊन उभे आहेत आणि तुम्ही चक्क त्यांना थांबायला सांगता. आपल्या विभागाला रीतच तुम्ही तशी लावली होती. हारतुरे नंतर, आधी सत्कारमूर्तीच्या घरच्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. तुम्ही लोंबीतलं एक फूल उलगडून काचेवर ठेवता आणि बाबांना बोलावता. बाबा टोपी काढून वाकतात.

"मले तं काळ्या काड्याच दिसून राहिल्या, बाई."

"त्या तुमच्याच पापण्या आहेत. डोळा जरा मागे घ्या."

पोरं हसली, बाबाही हसले. मग पुन्हा वाकले. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "हे आपल्या बांधीतलं होय?" मी हो म्हणाले, आपल्याच शेतातलं. ते पिसांसारखे दोन तुरे, त्यांवर चिकटलेले परागकण, त्यातल्या एकाचं काम फत्ते झालं की एक दाणा भरतो, हे तुम्ही सावकाश सांगत होतात.

"एका दान्यासाठी एवढं?" बाबा म्हणाले.

जन्मभर धान पिकवलेला माझा बाप तिथून हलायला तयार नव्हता. मागे रांग खोळंबली, प्राचार्यांच्या हातातली शाल तशीच. मी आधी कोणालाही इतकं भान विसरून पाहताना पाहिलं नव्हतं. माझ्या पहिल्या नंबराचं मला काही वाटेनासं झालं. आणि तुम्ही, त्या दिवशी जिचा सत्कार होता ती बाई, त्यांच्या शेजारी उभ्या राहून काच जरा जरा सरकवत होतात, जणू सगळा दिवस मोकळाच आहे.

उठल्यावर त्यांनी विचारलं, "हे सारं किती वर्सात शिकवता, बाई?"

"मी अजून शिकतेच आहे," तुम्ही म्हणालात.

बाबा ऑफिसकडे वळलेच नाहीत. परतीच्या बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर धान पाहत बसले आणि मग म्हणाले, "पाहुण्याइले सांगून देतो, पोरगी शिकून राहिली म्हणून. त्याइले थांबाचं असन तं थांबतीन."

हे पत्र कुठे पाठवणार, मॅडम. पण एक कबूल करते. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या मॅडमनी बाबांची समजूत घातली. खरं तर माझ्याविषयी तुम्ही त्यांच्याशी चकार शब्द काढला नव्हता. ते खरं सांगितलं तर कोणाला पटलं नसतं.