मागच्या दारातले पाच सुळके

आई, तुला वाचता येत नव्हते. मी मुंबईला कॉलेजात असताना माझी पत्रे थोरले दादा तुला वाचून दाखवत, आणि सुट्टीत मी घरी आलो की तीच पत्रे तू मला पुन्हा वाचायला लावायचीस, दादांनी काही गाळले तर नाही ना हे पाहायला. तेव्हा हे पत्र कोणाकडून वाचून घ्यायचे, हा प्रश्न तू असतीस तरी होताच. दादांच्या हाती द्यावे असे हे नाही. तुला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हाच विचार मनात आला, याचे मला हसू आले.

कल्याणच्या आपल्या स्वयंपाकघराचे मागचे दार आठवते. दाराबाहेर भांडी घासायचा दगड, पलीकडे वालाची शेते, आणि शेतांच्या टोकाला, खूप दूर, मलंगाच्या ओळीतले सुळके. सकाळची वेळ आहे. तू राखेने पातेले घासते आहेस. मधेच मान वर करतेस आणि कोणाकडेही न पाहता म्हणतेस, "आहेत. पाचही आहेत." मग पुन्हा पातेले. आम्ही पोरे उंबऱ्यावर बसून मऊभात खात असू. आम्हाला चारच सुळके दिसत. वडिलांनाही चारच. ते म्हणत, "मोजता येत नसेल तर माणसाने मोजू नये." तू म्हणायचीस, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच.

कॉलेजातल्या एका सोबत्याची दुर्बीण मी एकदा मागून आणली होती, ते तुला आठवत असेल. मी तुला दारात उभे केले, एकेक सुळका दाखवला, आणि लांबचे डोंगर धुरकट हवेत कसे फसवतात हे समजावून सांगितले. तू सगळे शांतपणे ऐकून घेतलेस, बराच वेळ डोळा लावून पाहिलेस, मग दुर्बीण पदराने पुसून मला परत दिलीस. म्हणालीस, "नळी चांगली आहे रे. पण तिलाही चारच दिसतात." दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी लहान असताना आपल्याकडे एक मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. मला तिचे फार आठवत नाही. पाळणा माळ्यावर चढवला गेला, एवढे आठवते. पुढे कोणी पाहुणी आली आणि मुले किती म्हणून विचारू लागली, की तुझ्याआधी आत्याच सांगत, "चौघांची आई आहे ती." तू मान हलवायचीस. त्या मुलीविषयी तुझ्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही.

आता तुझ्या नातीविषयी लिहितो. तू तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचीस; ती आता मोठी होऊन सासरी गेली आहे. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे ठाण्याला आली. भाद्रपदात मुलगी झाली, आणि तीही बारशापर्यंत राहिली नाही. सासरची माणसे चांगली आहेत, त्यांनी दिवाळीनंतर दोनदा बोलावणे पाठवले. ही जाईना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नौपाड्यातल्या बायका आमच्या घरी जमल्या होत्या. एकीने हिला विचारले, मूलबाळ काय? ही तोंड उघडणार तोच दुसरीने परस्पर सांगून टाकले, "नाही अजून. होईल की." ही हातातले तबक खाली ठेवून आत गेली. त्यानंतर घरात कोणी बाई आली की ही मागच्या खोलीत. मला भीती वाटू लागली की ही अशीच आत आत जात राहील आणि एक दिवस आम्हालाही सापडणार नाही.

मी इथल्या कोर्टात भाषांतर करतो, हे तुला ठाऊक आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, मी ते इंग्रजीत उतरवतो. तो बोलला तेवढेच. पदरचा एक शब्द घालायचा नाही. वकील मंडळी थट्टेने म्हणतात, हा माणूस साक्षीदाराची शिंकसुद्धा विचारून लिहील. अशा माणसाला मुलीचे सांत्वन करता येत नाही. होईल सगळे ठीक, हे म्हणायला माझ्यापाशी पुरावा काय?

एका दुपारी ती स्वयंपाकघरात बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मी तिच्यापाशी पाट ओढून बसलो आणि मीही सोलू लागलो. तुझे पाच सुळके मी तिला सांगितले. आम्हाला चार दिसत, आजी पाच मोजायची. आणि सांगितले, "तो पाचवा सुळका तुझ्या आत्याचा. नाव ठेवायचं राहिलं, ती."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलाय तो?"

"नाही."

"मग आहे कशावरून?"

"आजी म्हणायची."

"म्हणजे ऐकीव. तुमच्या कोर्टात चालेल का हे, अप्पा?"

भाद्रपदानंतर ती पहिल्यांदाच मला टोमणा मारत होती. मी म्हटले, नाही चालणार. ती म्हणाली, "मग जाऊन बघू या."

तिच्या आईने कपाळाला हात लावला. "अहो, लोक मलंगबाबाच्या डोंगरावर नवस फेडायला जातात. तुम्ही सुळके मोजायला निघालात?" पण माघी पुनवेची जत्रा तोंडावर होती, जत्रेला जातो म्हटले की कोणी काही विचारत नाही, आणि दशम्या तिनेच बांधून दिल्या. त्या दशम्या फडक्यात बांधताना ती मला हळूच म्हणाली, "नसला तर काय सांगाल तिला?" खरे सांगायचे तर वाटभर दुसरे काही मनात नव्हते. तो सुळका तिथे नसेल, तर त्या मुलीला मीच नाहीशी केल्यासारखे होणार होते. तुझ्याही, आणि हिच्याही.

पिराच्या माचीपर्यंत जत्रेची वाट, माणसांची रीघ. तिथून आम्ही एक ठाकर वाटाड्या घेतला आणि कातळाच्या पोटाला धरून आडव्या वाटेला लागलो. वाट म्हणजे वाळलेले गवत आणि त्याखाली सुटे दगड. कारवीच्या झुडपांना धरून जायचे. हिने कासोटा घट्ट खोचला आणि ती वाटाड्याच्या मागोमाग चालू लागली. एका ठिकाणी दोन कातळांमधल्या अरुंद घळीतून वर चढायचे होते. तिथे मी अडकलो. एक पाय खाचेत, दुसरा कुठे ठेवावा ते कळेना, खालून दगड गडगडत गेल्याचा आवाज ऐकू येत राहिला.

वाटाड्या वरून म्हणाला, "पोरगी चढली, आन् तू कशाला भितोस? पाटीला पाट लाव कातळाची."

"माझ्या पाठीला माहीत नाही हे," मी म्हटले.

वरून हिचे हसणे ऐकू आले. ते ऐकले आणि कसा चढलो मला कळले नाही. वर पोचलो तेव्हा कोपर सोलले होते आणि वाटाड्या कुरकुरत होता, "मोजून काय मिळायचं? तवर खाली जत्रेतली जिलबी संपल."

खिंडीत उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा कळले की मागच्या दारातून आपण काय पाहत होतो. तिथून ते सुळके एका जबड्यातल्या दातांसारखे दिसत. जवळून पाहावे तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एक पुढे, एक पार मागे, मधे घळी, प्रत्येकाचे बूड वेगळे, माथा वेगळा. दारातला कोणता तो इथे कोणता, हे ठरवायलाच मला वेळ लागला. रुंद खांद्याचा तो पहिला. वाकड्या माथ्याचा दुसरा. मी दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. चार. मी खाली बसलो. हिच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

पाहिले तेव्हा ती तिथे नव्हती. चौथ्या सुळक्याच्या बुडाशी एक अरुंद धार होती, तिच्या कडेने ती पलीकडे गेली होती. वाटाड्या ओरडत होता. मग तिकडून आवाज आला, "अप्पा, इकडे या. सावकाश या."

चौथ्याच्या पाठीमागे, त्याच्या खांद्यापर्यंतही न पोचणारा, एक सडपातळ सुळका उभा होता. बुडापासून सुटा. दोघांच्या मधल्या फटीतून खालची पनवेलकडची शेते आणि खाडीचे चमकते पाणी दिसत होते. माथ्यावर गवताचा एक झुबका वाऱ्याने हलत होता.

ती म्हणाली, "कल्याणहून हा कधीच दिसणार नाही. चौथा आड येतो."

"हो."

"आजीचं माहेर कुठलं?"

मी फटीतून खाली बोट दाखवले. तुझे गाव तिथेच होते, आई, डोंगराच्या त्या अंगाला, झाडीत अर्धे लपलेले. लग्न होऊन कल्याणला येईपर्यंत तू रोज हेच सुळके त्या बाजूने पाहत होतीस. माहेराकडून पाच. सासराकडून चार. तुझी मोजणी कधी चुकली नव्हती. तुला तो आमच्या दारातून दिसत नव्हता, नुसता माहीत होता. एवढे साधे होते तर सांगितले का नाहीस, असे मी मनात विचारले, आणि आपल्या घरात सासरी आलेल्या बाईला माहेरचे किती बोलता येत असे ते आठवून प्रश्न मागे घेतला. ही त्या सुळक्याकडे पाहत उभी होती. पदराने डोळे पुसले, रडली थोडी, पण आत गेली नाही. मग वाटाड्याला म्हणाली, "चल बाबा, तुझी जिलबी."

गेल्या आठवड्यात शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांच्याबरोबर कोणी परगावची पाहुणी. पाहुणीने तोच प्रश्न विचारला. मी ओसरीवर होतो. हिचा आवाज आला, "मुलगी झाली होती मला. नाव ठेवायचं राहिलं." मग ती परगावची बाई म्हणाली, "माझाही एक असाच गेला गं, मधला," आणि दोघी बोलत राहिल्या, चहा निवून गेला. परवा हिचे यजमान न्यायला आले. ती हसून गेली असे मी लिहिणार नाही. पण निघताना तिने आईला सांगितले की आपली तिकडची भांडी घासायची जागा पूर्वेकडे तोंड करून आहे, तिथून कुठले डोंगर दिसतात ते नीट पाहून कळवते.

काल मी कल्याणला गेलो होतो. दादांच्या मागच्या दारात उभा राहिलो. हवा स्वच्छ होती, चार दिसले. मी म्हटले, "आहेत. पाचही आहेत." दादा म्हणाले, "तुलाही लागलं का ते?"

एक गोष्ट राहिली, ती दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहितो. तू फक्त पाच म्हणायचीस. पाचवा कोणाचा, हे तू कधीच म्हणाली नाहीस. ते वाक्य माझे आहे, वाल सोलताना मी ते पदरचे घातले, आणि अजून खोडलेले नाही.