एका मुठीची चाळणी

प्रिय वन्सं,

'तीर्थरूप' लिहिलं की भिंतीवर फोटो होऊन लटकल्यासारखं वाटतं, असं तुम्हीच मला एकदा खडसावलं होतं, म्हणून नुसतं प्रिय. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचता. मागे मी गुडघा धरलाय म्हटलं, तर तुम्ही शेजारणीला सांगितलंत की भावजयीने घोडा घेतलाय. आज जे सांगायचं आहे ते असं पोचून चालणार नाही. सरळच सांगते, पत्राच्या शेवटी एक मागणं आहे, आणि ते वाचून तुम्ही मला परकी कराल अशी धास्ती आहे. म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते, तेवढाच धीर गोळा होईल. शेवटचं पान आधी वाचायचं नाही. कादंबऱ्यांच्या बाबतीतली तुमची खोड मला ठाऊक आहे.

कारखान्यात सध्या पीठ चाळायच्या चाळणीचं काम चाललंय. चाळणीचा आराखडा काढायला पगारी माणूस कशाला लागतं, हे तुमचं नेहमीचं म्हणणं. तर ऐका. आमची जुनी चाळणी तुमच्याकडेही आहे. पत्र्याचा डबा, तळाला जाळी, एका बाजूला धरायची मूठ आणि दुसऱ्या बाजूला फिरवायचा दांडा. दांडा फिरला की आतल्या तारा जाळीवरून घासत जातात, पीठ खाली पडतं, गुठळ्या वर राहतात. पण त्यात दोन्ही हात गुंततात. खालचं भांडं सरकायला लागलं की बाईने ते काय हनुवटीने धरायचं? मला एका हाताने चालणारी चाळणी हवी होती. मुठीतच एक पट्टी बसवायची, ती दाबली की तारा सरकतील, सोडली की स्प्रिंग त्यांना मागे आणेल. दुसरा हात मोकळा. सांगायला सोपं आहे, पण स्प्रिंग ताठ झाली तर मनगट भरून येतं आणि सैल झाली तर तारा मध्येच अडकून बसतात. काठ आत वळवला तर खाचेत पीठ साठतं, बाहेर वळवला तर बोट कापतं. तुम्ही नर्स होतात तेव्हा वॉर्डात इंजेक्शनच्या सुईवरून किती भांडायचात, तसंच हे समजा.

पहिला नमुना करून घ्यायला मी आमच्या डायवाल्यांकडे कागद पाठवला. डायवाले म्हणजे पत्रा कापायचे आणि दाबायचे साचे बनवणारे. साठीला आलेले, उंचपुरे, बोलायला पैसे पडतात असा चेहरा. आधी फक्त मुठीची करामत बघायची होती, म्हणून मी मापं घातली नव्हती. नुसतं चित्र आणि खाली एक ओळ: 'एका मुठीची करायची, दुसरी नको.' आता मला सांगा, यात न समजण्यासारखं काय आहे? आठवड्याने त्यांनी माझ्या टेबलावर एक वस्तू आणून ठेवली. सुबक, गुळगुळीत, काठ अगदी रेशमासारखा, मुठीत पट्टीही चित्राप्रमाणे बसवलेली, आणि आकाराने चहाच्या पेल्याएवढी. मी बघतच राहिले. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, एका मुठीची. वर म्हणाले, मी माझीच मूठ भरून मापलं, बरोबर एक मूठ पीठ मावतं, दुसरी मावत नाही. दुसरी नको म्हणून तुम्हीच लिहिलंय.

सगळा विभाग हसला. मलाही हसू यायला हवं होतं, पण मी चिडले. मी म्हटलं, अहो, मूठ म्हणजे धरायची मूठ! मूठभर पीठ चाळायला चाळणी कुणाला लागते? ते जरा गोंधळले आणि मग म्हणाले, मला वाटलं एकट्या माणसासाठी असेल. हसणं एकदम थांबलं. मी एकटी आहे हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे जो तो आपापल्या कामात डोकं घालून बसला. मी तावातावाने विचारलं, एकट्या माणसाला काय करायचीय चाळणी? तर त्यांनी अगदी मनापासून विचारलं, का, एकट्याच्या पिठात गुठळ्या होत नाहीत?

मी रागारागात ती वस्तू पिशवीत टाकली आणि घरी आणली. वन्सं, तुम्हाला मी पत्रात नेहमी लिहिते की वेळेवर जेवते, छान चाललंय. छान काही चाललेलं नाही. हे गेल्यापासून मी स्वयंपाकघरात दिवासुद्धा लावत नव्हते, बाहेरच्या खोलीतला उजेड तेवढा पुरायचा. ओट्याशी उभ्याउभ्याच बिस्किटं खायची आणि पेला विसळून पालथा घालायचा. भूक लागायची, पण एकटीसाठी भांडी काढायचा कंटाळा यायचा. त्या दिवशी पिठाचा डबा उघडला तर आत सगळं जाळं धरलेलं. किती दिवसांत उघडला नव्हता कुणास ठाऊक. मी तिथेच जमिनीवर बसले आणि डबा मांडीवर घेऊन रडले. यांच्या जाण्यावर रडून झालं होतं, हे रडणं माझ्यावर होतं. मला फार एकटं वाटतं, वन्सं. तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण तुम्ही पहिल्या गाडीने येऊन मला सूप पाजलं असतं.

मग उठले, खाली जाऊन नवीन पीठ आणलं आणि एक मूठ त्या पेल्यात घातलं. पट्टी दाबली. खरं सांगते, इतकं चांगलं चाललं की मला त्या माणसाचा राग आला. एका मुठीचा एवढासा केक केला, वाटीत मावेल असा. टेबलाशी बसून खाल्ला. खुर्चीवर बसून खाल्लं म्हणून स्वतःचं कौतुक वाटावं अशी वेळ माझ्यावर आली होती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले आणि म्हटलं, मोठी करूच, पण ही लहानही करूया. मालक तुम्हाला माहीत आहेत, नफ्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. म्हणाले, एकट्या लोकांसाठी वस्तू काढायची नसते बाई, एकटे लोक काही विकत घेत नाहीत, आहे त्यात भागवतात. मी म्हटलं, भागवतात, कारण दुकानात त्यांच्या मापाचं काही नसतंच! मोठ्या डब्यातलं पीठ सडवायचं आणि बिस्किटं खायची, याला भागवणं म्हणतात का? जरा जास्तच आवाज चढला असावा. मालकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि थोडा माल काढून बघू म्हणाले. खोक्यावर 'एकट्यांसाठी' छापावं अशी त्यांची फार इच्छा होती. ते मात्र मी होऊ दिलं नाही. विकत घेताना दुकानदारासमोर कुणी मान का खाली घालायची? 'लहान' एवढंच लिहायचं.

मग खरं काम सुरू झालं. लहान चाळणीला मोठीची स्प्रिंग चालत नाही, आणि माझी बोटं आताशा सकाळी आखडलेली असतात. डायवाले एकेक स्प्रिंग वळून आणायचे आणि मला दाबायला लावायचे. मी चांगली आहे म्हटलं तरी त्यांचा विश्वास नसायचा, ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि चाळणी परत न्यायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला काय कळतं बघून? तर म्हणाले, दुखलं की तुम्ही ओठ दुमडता आणि चांगली आहे म्हणता. वन्सं, किती दिवसांत माझ्या दुखण्याखुपण्याकडे कुणी बघितलं नव्हतं. तुम्ही सोडून, पण तुम्ही त्या तिकडे लांब.

कारखान्यातली चाचणी आणि घरातली चाचणी यात फरक असतो, म्हणून ते एका रविवारी घरी आले. मग पुढच्याही. शेजारणीने दार किलकिलं ठेवून तिचं काम चोख बजावलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एका शिंप्याच्या दुकानावर खोली आहे, दिवसभर खालून मशीनची खडखड. सुट्टीच्या दिवशी ती बंद असते तेव्हा घर खायला उठतं, म्हणून ते सुट्टीलाही कारखान्यात येऊन बसायचे, असं त्यांनी सांगितलं. यांच्या फोटोपाशी थांबून विचारलं, हे काय करायचे? मी सांगितलं, छापखान्यात मुद्रितं तपासायचे, दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढत चालायचे, त्यामुळे यांच्याबरोबर कुठेही वेळेवर पोचायची सोय नव्हती. डायवाले हसले. यांच्याबद्दल बोलताना मी रडले नाही, असं पहिल्यांदाच झालं.

तुम्ही मागच्या वेळी निघालात, तेव्हा गाडीच्या पायरीवर उभं राहून माझा हात धरलात आणि म्हणालात, तू आहेस तोवर तो आहे गं. मी मान डोलावली. गाडी गेली आणि मी तिथल्याच एका बाकावर बसले. तुम्ही त्याला लहानाचा मोठा केलात, तुमच्यासाठी ते खरंच आहे. मी या घरात, या नावाने, याच फोटोखाली राहिले की तुमचा भाऊ जरासा उरतो. तुम्हीही तिकडे एकट्याच जेवता, आणि एकटी कुठे, रेडिओ असतो ना, असं म्हणता. तुमच्याकडून ते उरलेलं काढून घ्यायचं माझ्या जिवावर येतं. पण वन्सं, यांना राखून ठेवता ठेवता मी सगळीच फोटोसारखी होत चालले होते.

गेल्या आठवड्यात एक फजिती झाली. मालकांनी भर बैठकीत विचारलं, शेवटची स्प्रिंग कुणी पास केली? आणि मी पटकन म्हणाले, यांनी. डायवाले माझ्या शेजारीच बसले होते. 'यांनी' म्हणायला हरकत काय, शेजारच्या माणसाला कुणीही म्हणतं. पण माझ्या तोंडून तो शब्द कसा आला, ते माझं मला ऐकू आलं. तीन वर्षं त्या शब्दाला माणूस नव्हता. माझे कान तापले. मालकांना काही कळलं नाही. डायवाल्यांना कळलं. ते हातातली चाळणी उगाच उलटीपालटी करत बसले. मी घरी आले आणि यांच्या फोटोकडे बघायचं टाळत कपड्यांच्या घड्या घातल्या. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

काल ते आमचा गळका नळ दुरुस्त करत होते. माझ्याकडे पाठ करून, पाना हातात धरून म्हणाले, आपण दोघं एकत्र राहिलो तर बरं पडेल का? बरं पडेल का! जसं काही खोली भाड्याने बघताहेत. मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं, आणि तुम्ही नको म्हणालात तरी मी ते फिरवणार नाही, हेही आत्ताच सांगते, नाहीतर हे विचारणं खोटं ठरेल. लग्न कचेरीतच, नोंदणी करून करायचं आहे, गाजावाजा काही नाही. त्यांच्या बाजूने साक्षीदार म्हणून त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको सही करणार आहेत. आज सकाळी चौकशीला गेलो तेव्हा, माझ्या बाजूने कोण, असं तिथल्या कारकुनाने विचारलं आणि मी अर्जातली ती जागा कोरी ठेवली. आईवडील नाहीत, पाठचं-पुढचं कुणी नाही. माझ्या बाजूचं म्हणून जगात एकच माणूस आहे आणि ते माणूस मला यांच्यामुळे मिळालंय. म्हणून हे पत्र. माझ्या बाजूने सही करायला तुम्ही याल का? तुमच्या भावाच्या बायकोच्या लग्नाला तुम्ही उभं राहायचं, हे मागणं उलट्या काळजाचं आहे, मला कळतं. तुम्ही नाही आलात तरी मी रागावणार नाही, रडेन. कारकून चांगला माणूस आहे, त्याने माझी अडचण ओळखली. म्हणाला, काळजी करू नका बाई, बाहेर रांगेत उभा असलेला कुणीही साक्षीदार म्हणून चालतो. मला चालत नाही, वन्सं.

तुमचीच,
भावजय