पाळणामुळी आणि पांढरे उंदीर

८ जुलै १९७४, सोमवार
बेबीनंदाने आज प्रबंधाचा विषय आणला — विषय म्हणजे पदराच्या गाठीतून काढलेली वाळकी मुळी! आमच्या प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर आहे ती. माझ्या हाताखाली एम.एस्सी. करते. मुळी टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, ही पाळणामुळी. मूल होत न्हाई तिला काढा करून पाजतात. गावाकडनं, धावड्याहून सासूबाई आणून देतात. दोन वर्षं झाली, पिऊन राह्यले. गुण है का न्हाई, उंदरांवर बघते."

स्वतःच्या घरची गोष्ट, पण आवाज जराही हलला नाही. मी म्हटलं, "बघ." जास्त कौतुक केलं की पोरी ढिल्या पडतात. पण इथे लिहायला हरकत नाही — तिच्या वयात मला हे जमलं नसतं.

१६ जुलै
माद्यांचे दोन गट केले. एकाला काढा, दुसऱ्याला नुसतं पाणी. बेबीनंदा उंदीर मानेशी अलगद धरते, ड्रॉपर तोंडात — थेंब सांडत नाही. शिपाई कचरू दारातून म्हणतो, "बाई, यांची ओटीबी भरायची का?" त्याला पिंजरे धुवायला लावलं.

दुष्काळातला मिलो — ती अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी — अजून गोदामात पडून आहे. तो घातला तर उंदीरसुद्धा नाक मुरडतात!

२ ऑगस्ट
डबा खाताना विचारलं, घरचे काय म्हणतात? सासरा कडूबा एकच म्हणतो — "दिवस गेले की कॉलेज बंद, सून गावाकडं." आणि दिवस जात नाहीत म्हणून दुसऱ्या बायकोची कुजबुजही त्याचीच! नवरा शिवाजी भला माणूस, पण पोटात काही राहत नाही, सगळं बापाला जाऊन सांगतो. मुळीचा हट्ट सासूचा, चांगुणाबाईचा. सुनेची मुळी चालू असेपर्यंत घरात कुणी तिला वावगं बोलायचं नाही, नाहीतर गुण जातो — अशी तिकडची रीत. "तेवढाच आराम," बेबीनंदा हसली.

मूल हवंय का तुला? मी विचारलं.

"हवंय, बाई. पण आधी हे पुरं करायचंय."

२६ ऑगस्ट
पाण्याच्या गटात पिल्लंच पिल्लं. काढ्याच्या गटात एकही नाही!

मी तिलाच झापलं — नर बदल, काढा नासला असेल, नीट कर. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

३ ऑक्टोबर
पुन्हा तेच. नर दुसरे, मुळी ताजी. काढा पिणारी एकही मादी गाभण नाही. "बाई, मुळी उलटी है," ती हळूच म्हणाली. हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "आता काढा बंद करून बघू. यांना मागनं पिल्लं होतात का." यांना! स्वतःबद्दल अक्षर नाही. इतक्या वर्षांत किती विद्यार्थी शिकवले, एवढी ताठ पोर दुसरी पाहिली नाही.

४ ऑक्टोबर
घरचा काढा तिने सोडला. नवऱ्याला कळू न देता.

११ नोव्हेंबर
झाली! काढा थांबवलेल्या माद्यांना पिल्लं झाली — गुलाबी, वळवळणारी, धडधाकट. बेबीनंदा पिंजऱ्यासमोर खाली बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कचरू बघत होता, म्हणून लगेच काढलाही.

पण माझा संताप जात नाही. त्या अडाणी बाईने दोन वर्षं सुनेची कूस आपल्या हाताने बंद ठेवली! रविवारी ती नवी मुळी घेऊन जालन्यात येतेय. बेबीनंदा म्हणते, "तुम्हीच बोला, बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं." बोलते की! चांगली खरडपट्टी काढते.

१७ नोव्हेंबर, रविवार
दोघी माझ्या घरी आल्या. "जयभीम, बाई," म्हणून चांगुणाबाई टेकली. मी सगळं सुनावलं. उंदरांसकट. तिने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "सोडल्यावर पिल्लं झाली नव्हं?"

झाली.

"मंग बराबर है. मीबी पेले व्हते, शिवाजीच्या पाठीवर. सोडली अन् दोन पोरी झाल्या."

बेबीनंदा तिच्याकडे वळली. "आत्या! मला का न्हाई सांगितलं?"

"तू शिवाजीला सांगितलं असतं. त्यो बापाला. मंग तुझं कॉलेज कवाच बंद." पदराची गाठ सोडत तिने विचारलं, "परीक्षा कवा है?"

"मार्चला."

चांगुणाबाईने मुळी पुढे धरली. "आता तुला ठावं है. घ्यायची का न्हाई, तू सांग."

बेबीनंदाने तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून मुळी घेतली.