कर्टच्या ट्रकामागे

१० मे

आला! अंगणात उभा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावं तर नुसता ट्रेलरच दिसतो — मागची गोदामाची भिंतसुद्धा नाही, काही नाही.

ऑरिन म्हणाला, "आर्डिस, हा आपल्या घरालाच ओढून नेईल बघ."

घर आता तसंही आपलं कुठे राहिलंय. ऑक्टोबरात नवे लोक येतील. शेत आधीच विकलं. त्यानंतर आम्ही दोघं आणि हे चाकांवरचं घर. हिवाळा ॲरिझोनात, उन्हाळा मनाला येईल तिथे. चाळीस हिवाळे नॉर्थ डकोटाचा बर्फ उपसला, पुरे झालं!

मला तर ट्रेलरची खिडकीच आवडली. ओट्यासमोर रुंद खिडकी! भांडी घासताना समोर रोज वेगळा मुलूख. झोपायची जागा पुढच्या उंच नाकात आहे. तीन पायऱ्या चढून जायचं. हे नाक ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यावर येऊन बसतं, तिथे लोखंडी जोड आहे. आमचा जुना ट्रेलर मागच्या बंपरला अडकवायचो, तसं नाही.

जुना म्हणजे तो कापडी. दांडा फिरवला की तंबूसारखा वर उघडायचा. आमची मुलं लहान तेव्हा, कर्ट आठ वर्षांचा, जनेल पाचची. पाऊस आला की कापडाला आतून बोट लावायचं नाही, नाहीतर तिथून गळायला लागतं. आणि कर्ट नेमकं तिथेच बोट लावायचा — जनेलच्या उशीवर!

ट्रक कर्टचाच आहे. तेलाच्या विहिरीवर कामाला लागला तेव्हा हौसेनं घेतलेला. विलिस्टनला त्या विहिरीवरच गेला तो. नऊ वर्षं झाली. ऑरिन अजून दर रविवारी ट्रक सुरू करून थोडा वेळ नुसता आत बसतो.

१२ मे

ऑरिननं ट्रक धुतला. आतूनसुद्धा. सीटखाली कर्टचा एक हातमोजा निघाला. परत तिथेच ठेवला.

१ जून

पहिली सफर. साकाकवीया तलावापर्यंतच. रस्ता सपाट, वारा कमी.

संध्याकाळ होत आली तशा समोरून येणाऱ्या गाड्या आम्हाला दिवे मारायला लागल्या. एकामागून एक! ऑरिन म्हणाला, "ओळखीचे दिसतात." मी म्हटलं, "एवढे ओळखीचे असते तर निवडणुकीला उभा राहिला असतास."

ट्रेलर लावायच्या तळावर पोचलो तर शेजारच्या ट्रेलरमधली बाई हातातला कप तसाच घेऊन बाहेर आली. विल्मा नाव. ओळख ना पाळख, सरळ म्हणते, "अहो, तुमच्या ट्रकचं ढुंगण जमिनीला टेकलंय! दिवे आभाळाकडे लागलेत. समोरचे आंधळे होत असतील बिचारे."

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच. ट्रक मागून बसला होता आणि पुढून नाक वर. मोठं कुत्रं मागच्या पायांवर बसतं ना, तसा.

ऑरिन म्हणाला, "ओढतो की व्यवस्थित. विकणाऱ्यानंच सांगितलं, ओढेल म्हणून."

"ओढेल हो," विल्मा म्हणाली. "ओढायचं कुणाला नाही जमत? पण या ट्रेलरचं नाक तुमच्या ट्रकच्या पाठीवर बसलंय. पाठीला किती झेपतं ते बघितलंत का? दाराच्या आत चिकटवलेलं असतं. माझ्या नवऱ्यानं नव्हतं बघितलं. मागचं टायर फुटलं तेव्हा बघितलं!"

मी ट्रकचं दार उघडलं. वाचलं. माणसं, सामान, लोखंडी जोड आणि ट्रेलरचं नाक — सगळं धरून या ट्रकला दोन हजार पौंडांच्या थोडं वर झेपतं. नुसतं नाकच तीन हजारांच्या घरात.

ऑरिननं दार लावून घेतलं. वाचलंसुद्धा नाही. म्हणाला, "हा ट्रक मला हातानं कळतो. मला चिठ्ठ्या नको दाखवू."

विल्मानं रात्री रूबार्बच्या आंबट देठांचा केक आणून दिला. भांडखोर आहे, पण केक चांगला.

४ जून

गावातल्या धान्याच्या कोठारावर गेलो. ट्रक-ट्रेलर सगळं वजनकाट्यावर घातलं. मागच्या चाकांवर वजन भलतंच जास्त.

ऑरिन: "काटा जुना झालाय."

मी: "आयुष्यभर याच काट्यावर गहू विकलास!"

"म्हणून तर सांगतोय." आणि हसला. नऊ वर्षांत असा हसला नव्हता.

९ जून

भांडण. मी म्हटलं, मोठा ट्रक घेऊ. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं असतात ना, तसला. हा ट्रक वाईट नाही, पण या ट्रेलरचा जोडीदार नाही. एवढंच.

"म्हणजे कर्टचा ट्रक विकायचा."

"विकायचा असं कुठे म्हटलं?"

"मग काय, खाटेखाली ठेवणार आहेस?"

खिडकीबाहेर बघत बोलत होता. हल्ली असंच. बोलतो माझ्याशी आणि बघतो कुठेतरी बाजूला.

मी सूप केलं, मैद्याच्या गोळ्यांचं, त्याला आवडतं तसं. खाल्लं. वाटी धुऊन ठेवली. झोपायला गेला.

१९ जून

आज कर्टचा वाढदिवस.

एक आठवण दिवसभर डोक्यात. कर्ट पंधराचा असेल. ऑरिन त्याला ट्रेलर मागे घ्यायला शिकवत होता, धान्याच्या गोदामाजवळ. मागे घेताना सगळं उलटं — स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे. कर्टनं चारदा गोदामाच्या दाराला नेऊन भिडवला. ऑरिन ओरडला नाही. ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझा हात आरशात दिसतोय तोवर ये. हात दिसेनासा झाला की थांब. मी तिथेच असेन."

पाचव्यांदा बरोबर आत गेला. कर्ट ट्रकमधून उडी मारून माझ्याकडे धावत आला — "आई, बघितलंस का? बघितलंस?"

बघितलं रे. सगळं बघितलं.

मला तर कुणी शिकवलंच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच कापणीला सासऱ्यांनी गव्हाच्या ट्रकची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "कोठार कुठे आहे ते माहितीय ना?" बस्स! मुलं मोठी होईपर्यंत प्रत्येक कापणीत मीच चालवला. खिडकी उघडी, केसांत भुसा, मागे ट्रकभर गहू. वाटायचं सगळा देश माझाच आहे. मग कर्ट चालवायला लागला, मी स्वयंपाकघरात गेले. कुणी पाठवलं नाही. आपलं झालं तसं.

संध्याकाळी ऑरिन ट्रकमध्ये जाऊन बसला. मीही दुसऱ्या बाजूनं जाऊन बसले. बरं वाटलं.

८ जुलै

अक्षर बघ कसं आलंय.

ब्लॅक हिल्सला निघालो होतो. मी नको म्हणत होते. "एकदाच, हळू जाऊ," तो म्हणाला. जाताना चढ ठीक. मग लांब उतार लागला. ट्रेलर मागून ढकलायला लागला — खरंच ढकलत होता, पाठीत कुणी हात लावून रेटावं तसा. ब्रेकचा जळका वास. ट्रक एकदम उजवीकडे सरकला. चाकं डांबर सोडून खडीत! बाजूला खाली नुसती पाइनची टोकं.

मी ओरडले, "ऑरिन! डावीकडे!"

त्यानं घेतला. घेतला आणि पुढच्या रुंद जागेत थांबवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तसाच बसून राहिला. घाम केवढा!

"ब्रेक तापले," म्हणाला.

"ब्रेक नाही, ओझं झेपत नाहीये या ट्रकला! किती वेळा सांगू?"

"हो," म्हणाला. "ओझंच."

ब्रेक निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसलो. ब्रेडला लोणी लावून दिलं, त्यानं घेतलं नाही. खारीसारखी एक चिपमंक येऊन माझ्या हातातलं घेऊन गेली. एरवी ऑरिननं तिच्याशी गप्पा मारल्या असत्या.

१० जुलै

घरी. तो दिवसभर अंगणात. मी स्वयंपाकघरात.

२० जुलै

जनेलचा फार्गोहून फोन. सगळं सांगितलं.

"आई, बाबांना कर्ट सोडवत नाहीये. तुला कळत कसं नाही? त्यांच्यासाठी तो ट्रक नाहीच आहे."

"मला कळत नाही? मी कोण आहे मग, शेजारीण?"

ती रडायला लागली. मग मी. मग दोघी हसलो, कारण मागे तिचा नवरा विचारत होता, कुणी गेलं का म्हणून.

पण पोरीचं खरं आहे. दिवसभर विचार केला. ट्रकला ट्रेलर जुळत नसेल तर ट्रेलर बदलावा. लहान घ्यावा, हलका. खिडकी काय, कसलीही चालेल.

रात्री जेवताना सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तर काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही. तुला ती खिडकी आवडलीय."

"अरे, खिडकीचं काय एवढं?"

"चाळीस वर्षं तू गोदामाची भिंत बघत भांडी घासलीस. खिडकी राहील. ट्रक बदलू."



१७ ऑगस्ट

डिकिन्सनजवळ एका शेतकऱ्याकडे ट्रक मिळाला. राखाडी, मागे चार चाकं, पाठ रुंद. आधी दार उघडून आतलं वाचलं — ट्रेलरचं नाक, आम्ही दोघं, सगळं सामान, वर विल्माला बसवलं तरी झेपेल! हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचं नाक यांच्यात वळताना किती जागा उरेल तेही मोजून घेतलं. कड जास्त उंच असली तर खड्ड्यात नाक आपटतं म्हणे.

ऑरिननं चालवून बघितला नाही. हौद्यावरून हात फिरवला, टायर दाबून पाहिले. शेतकऱ्यानं किल्ली पुढे केली तर म्हणाला, "ही बघेल."

मी चालवला. गावाबाहेर जाऊन आले. किती वर्षांनी असं उंचावर बसले! कुरणं, गाई, पलीकडे पाण्याची टाकी. परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले.

ऑरिन कुंपणाशी उभा होता. त्याचं मन होत नाहीये, हे दिसत होतं. दुसऱ्या ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावणं म्हणजे कर्टला... जाऊ दे. मी विचारलं नाही.

२३ ऑगस्ट

जनेल नवऱ्याला घेऊन आली. कर्टचा ट्रक तिच्याकडे जातोय. विकला नाही! तिचा मुलगा दोन वर्षांत चालवायला लागेल.

निघताना ऑरिननं बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ. मला वाटलं कोसळतोय आता. तर जनेलला म्हणाला, "हिवाळ्यात इंजिन गरम करायची तार लावायला विसरू नकोस. तुझा भाऊ विसरायचा."

"माहितीय, बाबा. आणि शिव्या मला मिळायच्या."

रस्त्याच्या वळणावर तिनं हॉर्न वाजवला. कर्ट वाजवायचा तसा, दोनदा. मी आत येऊन बटाटे सोलत बसले. गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोलले.

३० ऑगस्ट

जुळलं! नवा ट्रक, ट्रेलर, पाण्याची टाकी भरलेली, कपाटं भरलेली — सगळं कोठाराच्या काट्यावर. मागच्या चाकांवर अजून जागा शिल्लक! दुरून पाहिलं तर ट्रक सरळ, ट्रेलर सरळ, टेबलासारखा.

ट्रेलरला जोडताना ट्रक मीच मागे घेतला. ऑरिन म्हणाला, "तुझा हात चांगला बसलाय, तूच घे." दुसऱ्या झटक्यात खट्‌ करून बसलं! टाळ्या वाजवल्या त्यानं. मी म्हटलं, ॲरिझोनापर्यंत आता तू चालव, मी खिडकीशी बसून मोजे विणते.

तो हसला.

२८ सप्टेंबर

उद्या निघायचं. घर रिकामं, बोललं की घुमतं. ट्रकची किल्ली त्याच्या हातात दिली तर त्यानं माझी मूठ उघडून परत आत ठेवली.

"मला नाही चालवता येणार, आर्डिस. मार्चपासूनच मनाई आहे." बिस्मार्कच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. वाढतच जाणार. "कर्टच्या ट्रकचं निमित्त बरं होतं. कुणी पुढे विचारत नव्हतं. त्या उतारावर मला कडेची रेघच दिसेना."

आधी शिव्या दिल्या. खूप. त्यानं ऐकून घेतल्या. मग विचारलं, आत्ता काय दिसतं?

"तुझ्याकडे सरळ बघितलं की तुझा चेहरा जातो. जरा बाजूला बघितलं की परत येतो."

आणि मी समजत होते, हा माझी नजर चुकवतोय.

सकाळी मी चालवणार. तो म्हणाला, "वाटेत जे जे दिसेल ते सांगत चल. एरवी तरी तू गप्प कुठे बसतेस!"