शिक्षक हसतमुखाने प्रवेश करतील

करवंदपाडा, ता. मोखाडा
२१ जुलै २०२४

तीर्थस्वरूप पुष्पाआत्यास,
गोकुळचा शि. सा. न. वि. वि.

रेंजसाठी मला टेकडीवर चढावं लागतं, आणि चढलो की तू ‘आवाज येत नाही’ म्हणून फोन ठेवतेस. म्हणून पत्र. सोबत आठवीच्या इंग्रजीच्या पाठाचं माझं टाचण पाठवतोय. डावीकडे शिक्षकाची कृती, उजवीकडे विद्यार्थ्यांची, खाली अध्ययन निष्पत्ती. बघ, टाचण कसं काढतात ते. तुझ्या टाचणवहीत गेली तीस वर्षं फक्त तारीख बदलते, हे जव्हारच्या तुझ्या शाळेत शिपायालासुद्धा ठाऊक आहे.

इथली आश्रमशाळा बरी आहे. पोरं लाजरी. घरची बोली वेगळी, मराठीच त्यांना दुसरी, त्यावर माझी इंग्रजी. आठवीतली नवशी मात्र चुणचुणीत आहे. सूर्यमाळकडची. मी काही विचारलं की आधी ओठातल्या ओठात जुळवते आणि मग एकदम बोलते. चुकतं, पण बोलते.

जिल्ह्यात नवी पाठ-नियोजन समिती निघाली आहे. त्यांना माझी टाचणं फार आवडली म्हणे. पुढचं काही ठरलेलं नाही. सहज कळवलं.

कानउघाडणीच्या प्रतीक्षेत,
गोकुळ

जव्हार
२ ऑगस्ट २०२४

चि. गोकुळ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं टाचण मी दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. काही फरक पडला नाही. ‘शिक्षक हसतमुखाने प्रवेश करतील.’ अरे, आदल्या रात्री आश्रमशाळेच्या भातात अळ्या निघाल्या असतील तर शिक्षकानं कोणतं मुख घेऊन आत यायचं, तेही लिहायचं होतंस. पुढे काय, तर मॉलमधला सरकता जिना. त्यावर ‘विद्यार्थी स्वानुभव सांगतील.’ कोणता अनुभव रे? मोखाड्याच्या बाजारात तुला कधी सरकता जिना दिसला का?

हो, मी फक्त तारीख बदलते. कारण बाकीचं सगळं मी वर्गात गेल्यावर पोरांची तोंडं बघून बदलते, आणि ते वहीत मावत नाही. तुम्हा नव्या लोकांचं वहीत सगळं मावतं, वर्गात काही नाही.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. ‘सहज कळवलं’ म्हणे. त्या समितीतल्या निम्म्यांना मी ओळखते. वर्गाला कंटाळून पळालेली माणसं आता दुसऱ्यांनी वर्गात काय करायचं ते लिहितात. तूही चाललास उंटावरून शेळ्या हाकायला. जा बापडा. पण जाण्याआधी एवढं सांग, त्या नवशीला इंग्रजी कोण शिकवणार? तिच्यासारखी पोर जरा बोलायला लागते तेवढ्यात माणूस निघून जातो. हे मी इथे तीस वर्षं बघतेय.

तब्येत सांभाळ. पाणी उकळून पी.

तुझी खवट पण सख्खी,
पुष्पाआत्या

पालघर
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तू ओळखलंस तेच झालं. महिनाभर झाला, प्रतिनियुक्तीवर इथे आलोय. पंखा आहे, खुर्चीला चाकं आहेत, दुपारी चहा जागेवर येतो. तुझं पत्र सहकाऱ्यांना वाचून दाखवलं. भातातल्या अळ्यांवर सगळे फार हसले.

तुझ्या पिढीला वाटतं, शिक्षक म्हणजे सगळं. आम्ही तेच तर मोडतोय. माझं टाचण आता इतकं चोख आहे की उद्या शिक्षक नसला तरी तास चालेल. करवंदपाड्याला वर्षभराची टाचणं प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावून आलोय. माझ्या जागी कोणी येईलच. नवशी हुशार आहे, तिचं अडणार नाही. एका माणसानं एका पाड्यावर बसण्यापेक्षा शंभर शाळांना उपयोगी पडावं, हे तुला पटायला काय हरकत आहे?

एक काम होतं. माझा गॅस आणि दोन ब्लँकेटं तिथेच राहिली आहेत. मोखाड्याला येणं झालं तर घेऊन ये.

तुझा नावडता भाचा,
गोकुळ

जव्हार
१९ जानेवारी २०२५

चि. गोकुळ यास आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणून सुटशील, म्हणून कागदावर लिहितेय. बसून वाच. चाकांच्या खुर्चीत नको.

मोखाड्याला मीटिंग होती. ती आटोपून जीपनं तुझ्या शाळेवर गेले. गॅस मिळाला. एक ब्लँकेट पोरांनी पांघरायला घेतलंय, ते मी तसंच ठेवलं.

आठवीच्या खोलीतून इंग्रजी ऐकू आलं. मला वाटलं, नवा माणूस आला. आत डोकावले तर टेबलापाशी नवशी उभी. भिंतीवरच्या तुझ्या टाचणातली डावी बाजू ती वाचत होती आणि सगळा वर्ग उजवी बाजू म्हणत होता. प्रश्नामागून उत्तर, घडाघडा. आधी दारातून हसत आत आली असणार, कारण तसं लिहिलंय. सप्टेंबरपासून रोज असंच चालतं म्हणे. तुझं म्हणणं खरं ठरलं, बाळा. शिक्षक नसला तरी तास चालतो.

मी जवळ जाऊन तिला साधंच विचारलं, ‘व्हेअर इज युअर मदर?’ पोरीनं भिंतीकडे पाहिलं. वरून खालपर्यंत शोधलं. मग मला मराठीत म्हणाली,

“बाई, हा प्रश्न कोणत्या तासाला आहे?”

मला रडू आलं, आणि तुझा इतका राग आला की तू समोर नव्हतास हे बरं. जुळवून जुळवून बोलणारी पोर होती ती. तुझ्याच पत्रात होतं.

हेडमास्तरांना विचारलं, माणूस का आला नाही. ते म्हणाले, जागा रिकामीच नाही. तुझा पगार तिथूनच निघतो, म्हणजे कागदावर तू तिथेच शिकवतोस. तू गेलास आणि जाताना दाराला कडी लावून गेलास. आता हेही वाचून दाखव तुझ्या सहकाऱ्यांना. हसतील.

आशीर्वाद द्यायचा म्हणून देते.
पुष्पाआत्या

करवंदपाडा
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. मूळ जागी परत पाठवा असा अर्ज केला, तर साहेब म्हणाले, मार्चअखेर तोंडावर आहे, आता सोडता येणार नाही. म्हणून रजा टाकून आलोय. माझ्याच शाळेत, माझ्याच जागेवर, रजेवर शिकवतोय. तुला हसायला एवढं पुरे.

टाचणं भिंतीवरून काढली. पहिल्या दिवशी पोरं रिकाम्या भिंतीकडेच वळत राहिली. कुठे बघायचं तेच त्यांना कळेना. मी तुझाच प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी परत विचारला. नवशी बराच वेळ ओठ हलवत राहिली आणि मग एकदम म्हणाली, ‘मदर भिवंडी. वीटभट्टी. आय हिअर.’ तिची आई दरवर्षी दिवाळीनंतर तिकडे जाते. मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी खूश होऊन वळलो, तर पोरगी अजून उभीच. परत ओठ हलले, आणि तिनं मला विचारलं,

“सर, यू गो अगेन?”

रजा शुक्रवारी संपते. मी वळून फळ्यावर तारीख लिहिली, आत्या. फक्त तारीख.

रागावत राहा. बोलणं थांबवू नकोस.

तुझा,
गोकुळ